वादळानंतर वाडीत: आधी मोजणी, मग करवत

मे सरत आला की किनारपट्टीच्या बागायतदाराला समुद्राकडे एक डोळा ठेवावाच लागतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूडपासून मंडणगड, दापोलीपर्यंत पोफळींच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, वाड्या (बागा) आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यात तौक्ते किनाऱ्याच्या कडेकडेने गुजरातकडे सरकलं. दोन्ही वेळा पावसाळा दारात उभा होता, त्यामुळे सावरायला उसंत मिळाली नाही. अशा वेळी कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हे ठाऊक असलं तर बरंच वाचतं.

वाडीत शिरण्याआधी विजेचं बघा. तारा झावळांत गुंतून पडतात आणि चिखलात दिसत नाहीत. महावितरणच्या १९१२ वर कळवा. फोनच लागत नसेल तर वायरमनला माणूस पाठवा. लाइन बंद असल्याचं तो स्वतः सांगेपर्यंत गडी, मुलं, गुरं कुणालाही आत सोडू नका. घरी जनरेटर लावणार असाल तर मेन स्विच आधी पाडा, नाहीतर ती वीज उलटी खांबावर जाते आणि तार जोडायला चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतते.

त्यानंतर मोजणी. इथे बहुतेकांची घाई नडते. वाट मोकळी करायची म्हणून झाडं तोडून ओंडके रचले जातात आणि पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक येतात तेव्हा दाखवायला काही उरत नाही. वाट अडवणारी झाडं तोडावीच लागतात, पण आधी फोटो काढा, ठिकाण आणि तारीख उमटेल असे. माड (नारळ), पोफळ, आंब्याचं कलम, काजू यांची वेगवेगळी यादी करा. उन्मळलेली, बुंध्यात मोडलेली आणि नुसता शेंडा गेलेली झाडं त्यात वेगळी लिहा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. निसर्ग वादळानंतर सरकारने माडाला झाडामागे २५० आणि पोफळीला ५० रुपये दिले. कारण कोकणातली मिश्र वाडी काही गुंठ्यांची, तिला हेक्टरी हिशेबाने हातात काहीच पडत नाही. फळाला यायला सहा-सात वर्षं घेणाऱ्या पोफळीचे ५० रुपये ही थट्टाच म्हणायची, पण तीही झाडं मोजलेली असली तरच पदरात पडते.

खरी कोंडी होते ती सामाईक सातबाऱ्यावर. नावं दहा-बारा, त्यातली निम्मी मुंबईला, दोन-तीन माणसं हयात नाहीत आणि वारसनोंद राहिलेली. मदतीचे पैसे एकाच्या खात्यात जमा व्हायचे तर बाकीच्यांची संमती लागते. चाकरमान्यांनो, गावी पाठवायच्या तांदळाच्या पोत्याआधी तुमचं संमतीपत्र पोहोचलं तर भावाचं काम लवकर होईल. वारसनोंद तर वादळाची वाट न बघता आत्ताच उरकून घ्या. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही पाहून ठेवा.

विम्याबद्दल थोडक्यात. हवामान आधारित फळपीक विमा हा त्या हंगामातल्या पिकाचा असतो, झाडाचा नव्हे, आणि भरपाई हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. पीक विम्याच्या ज्या नुकसानीसाठी वैयक्तिक सूचना द्यावी लागते, तिथे मुदत ७२ तासांची असते. त्यासाठी १४४४७ हा क्रमांक आहे.

झाडांपैकी तरणी कलमं आधी हाती घ्या. मुळं उघडी पडून सुकली की उपयोग नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच. फांद्यांचा भार निम्म्यापर्यंत कमी करा, तुटकी मुळं धारदार कोयत्याने साफ कापा, खोडाला गोणपाट गुंडाळून दोराने सावकाश उभं करा, माती दाबून तिन्ही बाजूंनी टेकू द्या. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. जुनं कलम कललेलं असेल, पण अर्धी मुळं जमिनीत असतील, तर उभं करण्याचा अट्टहास नको. तसंच राहू द्या, छाटणी करा, धुमारे येतात. शेजारच्या पोफळी पडल्याने ज्या पोफळींच्या खोडावर आता दुपारचं ऊन थेट येतं, त्यांना नैर्ऋत्येकडून झावळं बांधा, नाहीतर खोड करपतं आणि पुढे तिथेच मोडतं.

पडलेले माड वाडीत कुजत ठेवू नका. गेंड्या भुंगा त्यांत अंडी घालतो आणि मग उभ्या माडांचे शेंडे खातो. जखमी माडाकडे सोंड्या भुंगा येतो, तो तर अख्खा माडच घेऊन जातो.

मदत घेऊन येणाऱ्यांना एक विनंती. आधी गावात फोन करून विचारा. जुने कपडे नकोत. ते पावसात भिजून शाळेच्या पडवीत कुजतात. ताडपत्री, पत्रे, खिळे, दोर, पाण्याच्या पंपासाठी जनरेटर आणि त्याचं डिझेल हवं असतं. त्याहून जास्त गरज असते यांत्रिक करवतीची, तीही चालवणाऱ्या माणसासकट. ताण घेऊन आडवं पडलेलं झाड नवख्याने कापू नये. फांदी सुटून उसळते आणि माणूस जायबंदी होतो. सडकेलगतच्या गावांना सगळे टेम्पो मिळतात, आतल्या वस्त्यांना काहीच नाही. म्हणून सरपंच किंवा ग्रामपंचायतीकडून वस्तीवार यादी घ्या. एकट्या बाईमाणसाची किंवा म्हाताऱ्या जोडप्याची वाडी आधी साफ करा. त्यांना गडी मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी दुप्पट मागतात.

रोपांची मागणी लगेच नोंदवा. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, रत्नागिरीला भाट्ये इथे नारळाचं, आणि दापोलीला कृषी विद्यापीठ. वादळाच्या वर्षी सगळेच एकदम धावतात आणि मग कुठूनही आणलेली, जात माहीत नसलेली रोपं लागतात. त्यापेक्षा एक वर्ष थांबा आणि मधल्या काळात सावलीला केळी लावा. पैसे देऊ इच्छिणाऱ्यांनी थोडे राखून ठेवावेत: फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या रोपांना पाणी लागतं, आणि तोवर टेम्पो यायचे केव्हाच थांबलेले असतात.