फ्लॅट भाड्याने दिलाय? बिलातली ही ओळ तपासा
घर भाड्याने दिलं की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं शुल्क) लावते, आणि कितीही लावले तरी बरेच मालक मुकाट्याने भरतात. महाराष्ट्रात ही रक्कम सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, सभेने ठराव केला तरीही.

१. बिलातून फक्त सेवाशुल्क वेगळं काढा: वॉचमनचा पगार, जिन्यातली वीज, ऑडिट फी वगैरे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) यात धरायचे नाहीत. गफलत नेमकी इथेच होते.
२. सेवाशुल्क ₹१,२०० असेल तर ₹१२०, बस्स.
३. जास्त लावले असतील तर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाचा उल्लेख करून सचिवांना लेखी अर्ज द्या. पोच घ्याच.

बाकीचं बिल मात्र अडवू नका, नाहीतर थकबाकीदार ठराल.