स्टॅटिकचं शेअर्ड केलं आणि बिल्ड फुटला? आधी जुन्या फायली शोधा

कोडमधे एक अक्षर बदललेलं नाही, फक्त लायब्ररी स्टॅटिकची (प्रोग्राममधेच भरली जाणारी, डॉट ए) शेअर्ड (चालताना बाहेरून जोडली जाणारी, डॉट एसओ) केली, आणि लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) ओरडायला लागतो की हे रिलोकेशन शेअर्ड ऑब्जेक्टमधे चालणार नाही, एफपिक (शेअर्डसाठी लागणारा कंपायलरचा फ्लॅग) लावून परत कंपाइल करा. मेकफाइल (बिल्ड करणाऱ्या मेक कमांडचे रूल) उघडून बघता तर एफपिक तिथं आहे, आत्ताच टाकलंय! परत मेक मारला, परत तोच एरर.

कारण मेक बघतं फक्त फायलींची वेळ. सोर्स फाइल तिच्या डॉट ओ (कंपाइल झालेल्या फायली) पेक्षा नवी नसेल तर ते हातच लावत नाही, तुम्ही फ्लॅग बदललेत हे त्याच्या गावीही नसतं. म्हणजे काल बिना-एफपिकच्या बनलेल्या डॉट ओ फायलीच आज शेअर्ड लायब्ररीत कोंबल्या जातायत. त्या उडवा आणि परत बनवा, एरर गेला.

शेअर्डवरून स्टॅटिकवर येणं मात्र जास्त वाईट, कारण तिथं एरर येतच नाही. मागे एका पार्सरमधला बग मी दुरुस्त केला, डॉट ए नवीन बनली, प्रोग्राम लिंक झाला, चालवला तर बग जसाच्या तसा. प्रिंटएफ टाकला तोही दिसेना, दोन तास गेले. शेवटी प्रोग्रामवर रीडएल्फ हायफन डी (फायलीच्या आतली माहिती दाखवणारी कमांड) चालवलं आणि नीडेडच्या, म्हणजे चालायला लागणाऱ्या शेअर्ड लायब्ररीच्या, ओळीत लिबपार्सर डॉट एसओ लिहिलेलं दिसलं, म्हणजे माझी नवी डॉट ए कोणी वापरलीच नव्हती. एकाच फोल्डरमधे दोन्ही असल्या की लिनक्सचा लिंकर आधी डॉट एसओ उचलतो, आणि आठवड्यापूर्वीची ती फाइल तिथंच पडलेली होती. मेक क्लीन केलं होतं हो, पण क्लीनच्या रूलमधे फक्त डॉट ए चं नाव होतं.

म्हणून शंका आली की पहिल्यांदा रीडएल्फ, आणि रन करताना कुठली फाइल उचलली जातेय ते बघायला एलडीडी. तो यूझर लोकल लिब मधला पाथ दाखवत असेल तर जुन्या मेक इन्स्टॉलची कॉपी तिथं बसलीय, ती काढा आणि एलडीकॉन्फिग चालवा, म्हणजे सिस्टिमची लायब्ररींची यादी ताजी होते. स्टॅटिकच हवी असेल तर लिंक करताना डॉट ए चा पूर्ण पाथ द्या, मग लिंकरला निवडायला काही उरत नाही. अजून एक, डॉट ए बनवणारी एआर कमांड जुन्या डॉट ए मधेच भर घालते, प्रोजेक्टमधून काढलेल्या फाइलचा डॉट ओ आत तसाच राहतो, त्यामुळे बनवण्याआधी डॉट ए डिलीट करायची सवय लावा.

सीमेक (मेकफाइल वगैरे बनवून देणारं टूल) वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं, तिथं फ्लॅग बदलले की फायली परत कंपाइल होतात, पण कॅश (सीमेकने लक्षात ठेवलेल्या सेटिंग्जची फाइल) चिकट असते. बिल्ड शेअर्ड लिब्स (स्टॅटिक की शेअर्ड ते ठरवणारं सेटिंग) ची डीफॉल्ट व्हॅल्यू सीमेकलिस्ट्स या प्रोजेक्टच्या फायलीत बदलून काही होत नाही, कॅशमधली जुनी व्हॅल्यूच चालते, ती कमांडवर हायफन कॅपिटल डी ने द्यावी लागते. सीमेकच्या फाइंड लायब्ररी कमांडने एकदा शोधलेला डॉट एसओ चा पाथ पण असाच अडकून राहतो. सीमेक ३.२४ पासून हायफन हायफन फ्रेश हा पर्याय आहे, त्याने कॅश आणि सीमेकफाइल्स फोल्डर जातो, पण बाहेर बनून पडलेल्या लायब्ररी जात नाहीत. विंडोजवर तर स्टॅटिक लायब्ररी आणि डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) शी लिंक करायला लागणारी इम्पोर्ट लायब्ररी दोन्ही डॉट लिब, नुसत्या नावावरून कळत पण नाही, त्यामुळे नावंच वेगळी ठेवा.

मी आता दोन फोल्डर ठेवते, बिल्ड-स्टॅटिक आणि बिल्ड-शेअर्ड, आणि एकात दुसऱ्याचं काही बनवत नाही. डिस्क थोडी जास्त जाते, जाऊ दे. फक्त आधी सोर्स फोल्डरमधे सीमेककॅश डॉट टीएक्सटी (तीच कॅश) पडलीय का बघा, ती असेल तर नव्या फोल्डरमधून सीमेक डॉट डॉट दिलं तरी बिल्ड जुन्याच जागी होतो. गिट क्लीन हायफन एक्सडीएन ने गिटमधे नसलेल्या फायलींपैकी काय काय उडणार त्याची यादी येते, ती नीट वाचा, त्यात तुमची एखादी लोकल कॉन्फिग फाइल असू शकते, आणि मगच एन च्या जागी एफ टाका.