मियाजिमा एका दिवसात: आधी भरतीचा तक्ता, मग बाकी सगळं

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाचा एक फोटो सगळीकडे दिसतो: पाण्यात उभं असलेलं केशरी-लाल तोरी, म्हणजे देवळाचं महाद्वार. पण हे दृश्य दिवसातले काही तासच दिसतं. ओहोटीला तिथे ओली वाळू असते आणि माणसं खांबांपर्यंत चालत जातात. दोन्ही बघण्यासारखं आहे, पण दोन्हींमध्ये साधारण सहा तासांचं अंतर असतं. कुटुंबाला घेऊन सकाळी पोहोचायचं, तासाभरात सगळं उरकायचं आणि जेवून परतायचं, असा बेत केला की यातलं एकच पदरात पडतं, कधी तेही धड नाही.

म्हणून सुरुवात तक्त्यापासून. मियाजिमाची पर्यटन संघटना वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि पातळ्या इंटरनेटवर देते. पातळी सेंटिमीटरमध्ये असते. २५० च्या वर पाणी असेल तर इत्सुकुशिमाचं देऊळ (तोरी ज्याचं महाद्वार आहे ते) आणि तोरी पाण्यावर तरंगल्यासारखी दिसतात. १०० च्या खाली गेलं तर तोरीपर्यंत चालत जाता येतं. मधल्या पातळीला ना धड पाणी, ना धड वाळू. ज्यांचं आजोळ कोकणात आहे त्यांना उधाण आणि भांग वेगळं सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दोन्ही टोकं एकाच दिवसात मिळण्याची शक्यता जास्त. अष्टमीच्या सुमाराला पाणी पुरतं चढतही नाही आणि उतरतही नाही. वेळा रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकतात. हिरोशिमात दोन-तीन रात्री मुक्काम असेल तर त्यातला कोणता दिवस बेटासाठी ठेवायचा, हे हॉटेल बुक करतानाच कालनिर्णय उघडून ठरवता येतं.

आखणीचा नियम सोपा आहे: देऊळ भरतीला, तोरी ओहोटीला, आणि मधल्या वेळात बेटावरचा मिसेन डोंगर. भरती सकाळी दहाच्या सुमाराला असेल तर साडेनऊला देवळात, अकरानंतर रोपवे, तीनपर्यंत खाली आणि मग तोरी. ओहोटी सकाळी असेल तर क्रम उलटा. मात्र तेव्हा देवळाच्या वेळेकडे लक्ष हवं: ते सकाळी साडेसहाला उघडतं आणि ऋतूनुसार संध्याकाळी ५ ते ६ च्या दरम्यान बंद होतं.

पोहोचायचं कसं

हिरोशिमा स्टेशनवरून जेआर (जपान रेल्वे) सान्यो लाइनची लोकल मियाजिमागुचीला, म्हणजे बेटासमोरच्या स्टेशनला, अर्ध्या तासाच्या आत पोहोचते. तिकीट सुमारे ४२० येन. ट्रामही जाते, पण तिला तासाहून जास्त लागतो. मुलांना मजा वाटते, आजी-आजोबांना कंटाळा येतो. स्टेशनवरून धक्का पाच मिनिटांवर आणि तिथून फेरी दहा मिनिटांची. धक्क्यावर जेआर आणि मात्सुदाई अशा दोन कंपन्यांच्या बोटी असतात. जाताना जेआरची घ्या. सकाळी ९:१० ते दुपारी ४:१० या वेळात मियाजिमागुचीहून सुटणाऱ्या तिच्या फेऱ्या वळसा घेऊन तोरीच्या जवळून जातात. बसायचं उजव्या बाजूला. परतताना जी आधी सुटेल ती.

फेरीचं भाडं एका बाजूचं २०० येन. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून जाताना माणशी १०० येन पर्यटक कर लागतो. जेआर पास, म्हणजे पर्यटकांचा रेल्वे पास, असेल तर जेआरची फेरी त्यात येते, कर मात्र वेगळा भरावा लागतो. मोठ्या बॅगा हिरोशिमा स्टेशनच्या लॉकरमध्येच टाकून या.

देऊळ आणि तोरी

धक्क्यापासून देवळापर्यंत समुद्राकाठची सपाट वाट आहे, रमतगमत पंधरा मिनिटं. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते. तिकीट मोठ्यांना ३०० येन, शाळकरी मुलांना १००. रस्ता एकेरी आहे, मागे फिरता येत नाही, त्यामुळे फोटो जाता जाताच काढा. पायाखालच्या फळ्यांमधल्या फटी मुद्दाम ठेवलेल्या आहेत: वादळात पाणी खालून चढलं की त्याचा जोर तिथून निघून जातो. लहान मुलाच्या हातातली किल्ली किंवा नाणं त्याच फटीतून समुद्रात जातं, तेवढं सांभाळा.

आत्ताचं तोरी १८७५ सालचं, सुमारे साडेसोळा मीटर उंच. त्याचे मुख्य खांब कापराच्या झाडाचे आहेत आणि ते समुद्रतळात पुरलेले नाहीत. स्वतःच्या सुमारे ६० टन वजनावर तोरी नुसतं उभं आहे. तक्त्यातली ओहोटीची वेळ म्हणजे पाणी सगळ्यात खाली असण्याची वेळ. तिच्या तासभर आधी गेलात तर पाणी उतरत असतं आणि निवांत फिरता येतं. नंतर गेलात तर पाठीमागे पाणी चढायला लागतं. डबकी आणि शेवाळ असतं, म्हणून पट्ट्याच्या रबरी चपला आणि एक पंचा बरोबर ठेवा. पांढरे बूट नकोत. खांबांच्या भेगांत लोक नाणी खोचतात; त्याने लाकूड खराब होतं, मुलांना तसं करू देऊ नका.

देवळातून बाहेर पडताच समोर दाइगानजी हे बौद्ध मंदिर आहे. जपानमधल्या तीन प्रमुख बेंझाइतेन स्थानांपैकी हे एक, आणि बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. इथून डोंगराच्या बाजूला दहा मिनिटं चाललं की दाइशो-इन. प्रवेश फुकट. पायऱ्यांच्या कठड्याला फिरती धातूची चक्रं आहेत, ती हाताने फिरवत चढायचं. सूत्रपठणाचं पुण्य लागतं अशी श्रद्धा. हा शिंगोन या बौद्ध पंथाचा मठ आहे, आणि या पंथात संस्कृत मंत्र आजही म्हणतात. बहुतेक गट हा मठ टाळून दुकानांकडे वळतात. तसं करू नका. वेळ कमी पडला तर दुकानं सोडा.

मिसेन डोंगर

मिसेन ५३५ मीटर उंच. रोपवे दोन टप्प्यांत जातो, मध्ये गाडी बदलावी लागते; सुट्टीच्या दिवशी रांग इथेच अडते. जाऊन-येऊन मोठ्यांना सुमारे २,००० येन. सगळ्यात मोठा गैरसमज असा की रोपवे शिखरावर नेतो. तो ४३३ मीटरवरच्या शिशिइवा स्टेशनला सोडतो. तिथून शिखर साधारण एक किलोमीटर, आणि वाट आधी उतरते, मग पायऱ्यांनी चढते. जायला अर्धा तास, मुलं असतील तर पाऊण. ज्यांना चढवत नाही त्यांनी शिशिइवालाच थांबावं. सेतो समुद्रातली बेटं तिथूनही छान दिसतात. पाणी आधीच भरून घ्या, वर मिळेल असं धरून चालू नका. शिखराच्या खाली रेइकादो हे छोटं मंदिर आहे. तिथला अग्नी शिंगोन पंथाचे संस्थापक कोबो दाइशी यांनी ८०६ मध्ये चेतवला आणि तेव्हापासून तेवता आहे, असं मानतात. शेवटची परतीची गाडी किती वाजता, हे चढतानाच विचारून ठेवा. ती चुकली तर अंधारात दीड-दोन तास पायऱ्या उतराव्या लागतात. वारा किंवा विजा असतील तर रोपवे बंद राहतो, म्हणून सकाळीच चौकशी करा.

खाणं आणि हरणं

बेटाची ख्याती कालवं आणि आनागो, म्हणजे समुद्री वाम, यांची. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारींनी मात्र डबा आणावा: दशम्या, धपाटे, चिवडा. नुसत्या भाज्यांच्या उदोनचा (जाड शेवयांचा) रस्साही बहुधा माशाच्या दाशीवर, म्हणजे अर्कावर, केलेला असतो. मोमिजी मांजूत (मेपलच्या पानाच्या आकाराच्या छोट्या केकमध्ये) लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड सारण असतं, पण वरच्या आवरणात अंडं असतं. आंबट प्लमची ओनिगिरी (भाताचा गोळा) बऱ्याचदा चालते, तरी घटक वाचून घ्या.

डबा उघडला की हरणं येतात. माणसांना सरावलेली असली तरी ती जंगली आहेत. त्यांना खायला घालायला मनाई आहे. प्लास्टिकची पिशवी, नकाशा, हातातलं तिकीट, काहीही चावतात. जेआर पास मागच्या खिशात ठेवूच नका. कचऱ्याचे डबेही फारसे नाहीत, तेव्हा आपला कचरा परत न्यायला दोन पिशव्या घ्या.

खर्च

दोन मोठे आणि ६ ते ११ वयाची दोन मुलं, हिरोशिमाहून जाऊन-येऊन: लोकल २,५२०, फेरी करासह १,६००, देऊळ ८००, रोपवे ६,०००. एकूण ११ हजार येनच्या आत. रोपवे वगळला तर पाच हजारांतच भागतं. भाडी बदलतात, निघण्याआधी तपासा.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लाल पानांसाठी तुफान गर्दी असते. तेव्हा आठच्या आधीची फेरी गाठा, वळसा नसला तरी चालेल. ऑगस्ट-सप्टेंबरात तायफूनमुळे फेऱ्या बंद पडू शकतात, एक दिवस हाताशी मोकळा ठेवा. दुकानं आणि खाणावळी पाचच्या सुमाराला आवरायला लागतात. अंधार पडल्यावर उजळलेलं तोरी बघायला थांबणार असाल तर मुलांचं खाणं त्याआधीच विकत घेऊन ठेवा.