गढूळ पाण्यात सिलिंडर हाताने ओळखा

पावसाळ्यात गोदावरीचं पाणी चहासारखं होतं. तळाशी डाइव्हरला स्वतःचा हातही दिसत नाही, मग श्वासाच्या सिलिंडरवरची, तो गॅस किती खोलवर चालतो हे सांगणारी पट्टी कोण वाचणार? नाशिकहून सागरी डाइव्हला जाणाऱ्यांनीही, एकापेक्षा जास्त गॅस सोबत असतील तर, सिलिंडर हाताने ओळखायची सवय लावून घ्यावी. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली ओढला तर झटके येऊ शकतात, आणि पाण्यात झटका म्हणजे बहुधा मरणच.

ऑक्सिजनच्या सेकंड स्टेजच्या (रेग्युलेटरचा, म्हणजे गॅस श्वासाजोगा करून देणाऱ्या उपकरणाचा, तोंडाकडचा भाग) तोंडपट्टीवर जाड रबर ताणून बसवा, म्हणजे तो काढल्याशिवाय ती तोंडात जाणारच नाही. ५० टक्के नायट्रॉक्सच्या (निम्मा ऑक्सिजन असलेलं मिश्रण) होजला, म्हणजे नळीला, तोंडाजवळच, दोरीची जाड गाठ मारा. झिप टाय लावलात तर कापलेलं टोक घासून घ्या, ते हातमोजे फाडतं. एक गाठ, दोन गाठी असली मोजदाद मला पटत नाही. गारठलेली बोटं हमखास चुकतात. खुणा आकारानेच वेगळ्या हव्यात.

तरी नुसत्या खुणेवर विसंबू नका. व्हॉल्व्हपासून होजवर हात सरकवत तोंडापर्यंत या, कारण होज एकमेकांत अडकतात. न वापरायच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंदच ठेवा. चुकीचा रेग्युलेटर तोंडात गेलाच, तर एक-दोन श्वासांत गॅस थांबतो आणि घोळ लगेच कळतो.

सराव घरी करा: हातमोजे घालून, मास्कची काच कापडाने झाकून. पाण्याच्या खोलीची मर्यादा सांगणारी पट्टी मात्र सिलिंडरवर ठळक हवीच, जोडीदारासाठी.