पीएच ३ आहे, पण कॉस्टिक किती? लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ऐरोली, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. नवी मुंबईच्या आपल्या टीटीसी एमआयडीसी औद्योगिक पट्ट्यात बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या मुलामुलींना पहिली नोकरी बहुतेक वेळा क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये नाहीतर ईटीपीवर, म्हणजे कंपनीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर मिळते. मी याच पट्ट्यात काम करते आणि नवीन आलेल्यांना हाताखाली घेऊन शिकवणं माझ्याकडे असतं. ही मुलं मेहनती असतात. एचपीएलसीचा कॉलम, स्पेक्ट्रमची शिखरं, सगळं वाचून आलेली असतात. अडतात मात्र आठवीपासून शिकलेल्या आम्ल-आम्लारीवर. माझ्या मते त्याचं कारण एकच आहे. पीएच म्हणजे काय आणि आम्लता म्हणजे काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे कोणी त्यांना हातात ब्युरेट (द्रव मोजून थेंबथेंब सोडायची नळी) देऊन दाखवलेलं नसतं.

ईटीपीवरचे काका लॅबमध्ये नमुना घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, पीएच ३ दाखवतोय, किती कॉस्टिक सोडू?" कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आम्ल मारायला घालतात ते. टाकी १०,००० लिटरची आहे असं धरा. नवा मुलगा लगेच गणित मांडतो: पीएच ३ म्हणजे लिटरला ०.००१ मोल हायड्रोजन आयन, १०,००० लिटरला १० मोल, म्हणजे ४०० ग्रॅम कॉस्टिक. टाकीत फक्त हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर हे उत्तर अगदी बरोबर आहे. पण तिथे ॲसेटिक आम्ल असेल तर तेवढ्याच पीएचला सुमारे २३ किलो कॉस्टिक लागतं. मीटरवरचा आकडा तोच, गरज मात्र पन्नास पटींहून जास्त.

असं का होतं? हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात जवळजवळ पूर्ण विघटित होतं, त्यामुळे आहे तेवढा हायड्रोजन आयन मोकळा असतो आणि मीटरला दिसतो. ॲसेटिक आम्लाचा थोडाच भाग विघटित होतो, बाकीचा रेणू म्हणून तसाच असतो. तुम्ही कॉस्टिक टाकून मोकळे आयन संपवले की उरलेले रेणू विघटित होऊन नवे आयन पुरवतात. मीटर फक्त आत्ता मोकळं असलेलं मोजतो. टायट्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या ताकदीचं कॉस्टिक मोजून घालत जाणं, शेवटच्या रेणूपर्यंतचं सगळं मोजतं.

म्हणून काकांना उत्तर देण्याआधी नमुन्यातले १०० मिली बीकरमध्ये घ्या, पीएच मीटरचा इलेक्ट्रोड आत सोडा आणि ०.१ नॉर्मल (लिटरमागे ०.१ मोल हायड्रोजन आयन संपवणारं) कॉस्टिक थेंबथेंब घालत पीएच ७ पर्यंत न्या. वरच्या पहिल्या टाकीचा नमुना १ मिलीतच ७ ला पोचतो. दुसऱ्या टाकीच्या नमुन्याला ५८ मिलीच्या आसपास लागतात, ५० ची ब्युरेट मध्येच पुन्हा भरावी लागते. पुढचं सगळं त्रैराशिक आहे. हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की सौम्य (थोडंच विघटित होणारं) आम्ल आणि विरल (पाण्याने पातळ केलेलं) आम्ल यांत गोंधळ होत नाही. ९९ टक्क्यांचं ॲसेटिक आम्ल संहत असतं, पण सौम्यच राहतं. ०.००१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक विरल असतं, पण तीव्रच राहतं.

नवीन येणाऱ्या प्रत्येकाकडून मी आणखी एक प्रयोग करून घेते. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आणि ०.१ नॉर्मल ॲसेटिक, प्रत्येकी १० मिली, वेगवेगळ्या कोनिकल फ्लास्कमध्ये. पीएच आधी पाहायचा: पहिल्याचा १ च्या जवळ, दुसऱ्याचा २.९ च्या आसपास. मग फिनॉल्फथॅलिन हा इंडिकेटर (पीएचनुसार रंग बदलणारं रसायन) घालून ०.१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करायचं. दोन्हींना १० मिलीच लागतात, कारण पुरवायचे एकूण हायड्रोजन आयन सारखेच आहेत. आता पुन्हा तेच, पण मिथिल ऑरेंज घालून. हायड्रोक्लोरिक पुन्हा १० मिलीला बदलतं. ॲसेटिक मात्र ३ मिलीच्या सुमारालाच पिवळं पडायला लागतं, आणि तेही एका थेंबात नाही, हळूहळू, कुठे थांबावं ते कळतच नाही. मिथिल ऑरेंजचा रंग ३.१ ते ४.४ मध्ये बदलतो, ॲसेटिकचा खरा अंत्यबिंदू ८.७ च्या आसपास असतो. फिनॉल्फथॅलिन ८.३ ते १० मध्ये बदलतं, म्हणून ते चालतं. इंडिकेटर कोणता घ्यायचा हे एसओपीत (लॅबच्या ठरलेल्या कार्यपद्धतीत) लिहिलेलं असतंच, पण तोच का, हे माहीत असलेला केमिस्ट नमुना बदलला की स्वतःहून थांबून विचार करतो.

थोडा इतिहास डोक्यात ठेवा, विषय सुटसुटीत होतो. अरेनियसने १८८४ साली विद्युत अपघटनी पदार्थ पाण्यात आयनांत फुटतात हे मांडलं. पीएच मापनश्रेणी सोरेनसेनने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत दिली, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या लॅबमध्ये. तीही आपल्यासारखीच उद्योगाची लॅब! १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लोरी यांनी स्वतंत्रपणे प्रोटॉन देणारं ते आम्ल आणि घेणारं ते आम्लारी अशी व्याख्या केली. अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नसूनही तो आम्लारी का, याचं उत्तर तिथे मिळतं.

पीएचची श्रेणी लॉगची आहे, म्हणजे एका अंकामागे दहा पट फरक. याचा परिणाम टाकीवर रोज दिसतो. हायड्रोक्लोरिकचं १०,००० लिटर पाणी पीएच २ वरून ३ वर आणायला ३.६ किलो कॉस्टिक लागतं आणि ३ वरून ७ पर्यंत जायला फक्त ४०० ग्रॅम. म्हणजे बराच वेळ मीटर हलत नाही, ऑपरेटरला वाटतं काही होतच नाहीये, तो व्हॉल्व्ह आणखी उघडतो आणि क्षणात पीएच ११ च्या पुढे. मग परत आम्ल. शेवटच्या टप्प्यात कॉस्टिक पातळ करून, ढवळत, थांबत थांबत सोडायला सांगा. सांडपाण्यासाठी पर्यावरण नियमांतल्या सर्वसाधारण मानकात पीएच ५.५ ते ९.० असावा लागतो. तुमच्या कंपनीला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात याहून कडक मर्यादा असू शकते, ते कागद मागून वाचा. आपल्या पट्ट्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली त्याला रामसर (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय) दर्जा मिळाला. ईटीपीच्या वहीत आपण लिहितो त्या आकड्याला याच्यामुळे वजन आहे, असं मी मनापासून मानते.

आता लॅबच्या टेबलावरच्या गोष्टी. ०.१ नॉर्मल कॉस्टिक करायला लिटरला ४ ग्रॅम, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कॉस्टिक हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतं, त्यामुळे वजन करून नॉर्मॅलिटी ठरत नाही. पाणी उकळून थंड केलेलं घ्या, द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा आणि पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने स्टँडर्डाइज करा, म्हणजे खरी नॉर्मॅलिटी टायट्रेशनने ठरवा. ०.५ ग्रॅम थॅलेटला बरोबर ०.१ नॉर्मल असेल तर २४.५ मिलीच्या जवळपास रीडिंग यायला हवं. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवा. हवी ती छटा फिकट गुलाबी, हलवल्यावर अर्धा मिनिट टिकणारी. नंतर ती उडाली तर घाबरू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो. ब्युरेट कॉस्टिकने खंगाळायची, पिपेट नमुन्याने, फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्याने. फ्लास्क नमुन्याने खंगाळला तर मोजलेल्याहून जास्त आम्ल आत राहतं.

पीएच मीटरबद्दल एवढंच: आधी ७ च्या बफरला (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाला) लावा, मग ४ किंवा ९.२, नमुना ज्या बाजूचा असेल त्या बाजूचा. इलेक्ट्रोड टिश्यूने पुसू नका, टिपून घ्या. रात्री तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात राहू द्या, डिस्टिल्ड पाण्यात ठेवला तर खराब होतो. २५ अंशाला एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्ट हा आदर्श उतार असतो. तो बराच खाली आला की इलेक्ट्रोड थकलाय.

सुरक्षेत मी कोणालाच सवलत देत नाही. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, कारण सल्फ्युरिक विरल होताना एवढी उष्णता सुटते की वरचं पाणी उकळून आम्लासकट उडतं. डोळ्याला आम्लापेक्षा कॉस्टिक जास्त घातक, ते पेशींतली चरबी विरघळवत आत जात राहतं. गॉगल टायट्रेशनलाही हवा. अंगावर काही उडालं तर उलट रसायन लावायला जाऊ नका, लगेच भरपूर पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं धरा आणि डॉक्टरकडे जा. आणि कुठल्याही टाकीत आम्ल सोडण्याआधी त्या पाण्यात सल्फाइड, सायनाइड किंवा हायपोक्लोराइट नाही ना, हे विचारा. आम्लाबरोबर त्यांतून हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन सायनाइड, क्लोरीन हे विषारी वायू सुटतात. प्रॉडक्शनवाल्यांना हा प्रश्न विचारायला लाजू नका, रात्रपाळीला तर मुळीच नाही.

इंटरव्ह्यूला एक प्रश्न मी हमखास विचारते: ९८ टक्क्यांच्या, १.८४ घनतेच्या सल्फ्युरिकपासून लिटरभर ०.१ नॉर्मल द्रावण कसं कराल? ४.९ ग्रॅम लागतं, म्हणजे साधारण २.७ मिली. इथवर बरेच जण येतात. मग मी विचारते, "झालं का बरोबर ०.१ नॉर्मल?" ज्याला विषय समजलाय तो म्हणतो, "नाही मॅडम, हे अंदाजे झालं. आता वाळवलेल्या सोडियम कार्बोनेटने स्टँडर्डाइज करणार, मिथिल ऑरेंज घालून."