रस्टमध्ये अवाढव्य मजकूर फाइल कशी वाचावी

रस्टची तोंडओळख आणि टर्मिनलची सवय आहे असं धरून चालतो. फाइल काही जीबींची असेल तर ‘रीड_टू_स्ट्रिंग’ विसरा. ते अख्खी फाइल मेमरीत ओढतं, आणि फाइल रॅमहून मोठी निघाली की खेळ संपला.

फाइल उघडा, ‘बफरीडर’मध्ये गुंडाळा. त्याचा मूळ बफर, म्हणजे वाचलेले बाइट तात्पुरते ठेवायची जागा, 8 केबीचा असतो. ‘विथ_कपॅसिटी’ वापरून तो 64 केबी ते 1 एमबीच्या दरम्यान ठेवा. बिल्ड रिलीज मोडमध्येच करा. डीबग बिल्डवर वेळ मोजून ‘रस्ट हळू आहे’ म्हणण्यात अर्थ नाही.

आता ओळी. जिथेतिथे ‘लाइन्स()’ सुचवलेलं दिसतं. छोट्या फाइलला ते ठीक आहे, पण ते दर ओळीला नवी स्ट्रिंग बनवतं, म्हणजे कोट्यवधी ओळींना कोट्यवधी वेळा मेमरी मागणं आलं. त्याऐवजी एकच ‘व्हेक’ घ्या, ‘रीड_अंटिल’ला न्यूलाइनचा बाइट द्या आणि दर फेरीला आधी ‘क्लिअर()’ करा. हे फंक्शन जुन्या मजकुरापुढे नवा जोडत जातं, त्यामुळे ‘क्लिअर()’ राहिलं तर व्हेक फुगतच जाईल. आणखी एक फायदा: इथे यूटीएफ-8ची, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीची, तपासणी होत नाही. ‘लाइन्स()’ला एक खराब बाइट भेटला की त्या ओळीच्या जागी एरर हातात येते. जुन्या लॉगमध्ये असे बाइट हमखास असतात.

बहुतेकांनी इथेच थांबावं. ‘मेमरी मॅप करा (म्हणजे फाइल थेट मेमरीच्या पत्त्यांवर जोडा), झटक्यात होईल’ या सल्ल्यामागे तर डोळे मिटून अजिबात जाऊ नका. फाइल वाचत असताना दुसऱ्या प्रोग्रॅमने ती छाटली, तर लिनक्सवर ‘सिगबस’ हा सिग्नल येऊन प्रोग्रॅम जागीच मरतो; तिथे ‘रिझल्ट’ तपासायची संधीच मिळत नाही.

एवढं करूनही वेग कमी वाटला, तरच स्वतःचा बफर घेऊन ‘रीड’ने तुकडे वाचा. ‘रीड_अंटिल’ प्रत्येक ओळ आतल्या बफरमधून तुमच्या व्हेकमध्ये कॉपी करतं, ती कॉपी यात टळते. पण सगळ्यात जास्त छळलंय मला याच टप्प्याने, म्हणून इथे घाई करू नका.

तुकडा ओळीच्या मधोमध तुटतो, कधी अक्षराच्याही. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, त्यातला एक या तुकड्यात आणि दोन पुढच्यात जाऊ शकतात. म्हणून तुकड्याची थेट स्ट्रिंग करू नका, बाइटवरच ओळी तोडा. ते निर्धोक आहे, कारण बहुबाइट चिन्हाचा प्रत्येक बाइट 128 किंवा त्याहून मोठा असतो आणि न्यूलाइन आहे 10. शेवटच्या न्यूलाइननंतर उरलेली अर्धी ओळ ‘कॉपी_विदिन’ने बफरच्या सुरुवातीला आणा आणि पुढचं वाचन तिच्यानंतरच्या जागेत करा.

‘रीड’ मागितले तितके बाइट देईलच असं नाही. ते जो आकडा परत करतं, तेवढाच भाग नवा असतो. त्यापलीकडे मागच्या फेरीचा शिळा मजकूर पडलेला असतो. कमी बाइट आले म्हणजे फाइल संपली, असंही नाही. शेवट म्हणजे शून्य.

पण या शून्यातच खरा घातक सापळा आहे. एखादी ओळ बफरहून लांब असली की उरलेल्या तुकड्यानेच बफर भरतो, ‘रीड’ला द्यायला रिकामी जागा उरत नाही आणि ते शून्य परत करतं. तुमचा लूप समजतो फाइल संपली. एरर नाही, पॅनिक नाही, उरलेली फाइल गुपचूप गायब! दर वाचनाआधी जागा शिल्लक आहे का ते तपासा. नसेल तर बफर दुप्पट करा. ही तपासणी नसलेला कोड मी कुणाचाही स्वीकारत नाही.

लूप संपल्यावर शिल्लक बाइट उरले असतील तर तीही एक ओळच. फाइलच्या शेवटी न्यूलाइन असेलच असं नाही.

वेग मोजताना पहिली धाव आणि दुसरी धाव यांची तुलना करू नका. दुसऱ्या वेळी फाइलचा बराच भाग डिस्कऐवजी पेज कॅशमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने रॅममध्ये राखलेल्या प्रतीतून येतो.

अखेरीस ओळींची संख्या ‘डब्ल्यूसी -एल’शी ताडून पाहा. ती कमांड न्यूलाइन मोजते, ओळी नव्हे. त्यामुळे शेवटची ओळ न्यूलाइनविना असेल तर तुमचा आकडा एकने जास्त येणं बरोबर आहे. त्याहून जास्त फरक पडला, तर बफरच्या सीमेवरचा कोड पुन्हा तपासा.