एलएलसीत भागीदारी बदलली की ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटही बदला

न्यू जर्सीत आलेली आपली मंडळी चार पैसे गाठीला लागले की कुणाबरोबर तरी एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, काढतात. ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे कुणाचा हिस्सा किती आणि नियम काय हे लिहिलेला करार, इंटरनेटवरून उतरवतात, सह्या करतात आणि कपाटात ठेवतात. पुढे धंदा बदलतो, कागद तसाच राहतो.

आमच्या मसाल्यांच्या धंद्यात आम्ही तिघे समान भागीदार. एकाने नोकरी सोडून पूर्ण वेळ धंद्यात लक्ष घातलं, तेव्हा रात्री जेवताना ठरलं: त्याला 50 टक्के, आम्हा दोघांना 25-25. दोन वर्षं नफा तसाच वाटला, प्रत्येकाच्या वाट्याचा नफा दाखवणाऱ्या टॅक्सच्या के-वन फॉर्मवरही तेच आकडे. कर्जासाठी बँकेत गेलो, तर अ‍ॅग्रीमेंटमध्ये तिघांचा हिस्सा सारखाच! अर्ज तिथेच अडला.

इथला कायदा तोंडी ठरलेलंही मानतो. म्हणून वाद झाला की कोण काय बोललं होतं, हे सिद्ध करण्यातच वकिलाची बिलं वाढतात. तेव्हा आधी तुमच्या करारात दुरुस्तीचं कलम काय म्हणतं ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल, तर न्यू जर्सीत सगळ्या मेंबरांची, म्हणजे भागीदारांची, संमती लागते.

अमेंडमेंट, म्हणजे ही दुरुस्ती, एका पानातही होते. कंपनीचं नाव नोंदणीत आहे अगदी तसंच, मूळ कराराची तारीख, कोणतं कलम बदललं, नवा मजकूर, कधीपासून लागू, बाकीचा करार कायम, आणि सगळ्यांच्या सह्या. हा कागद राज्याकडे दाखल करावा लागत नाही. कंपनीचं नाव बदललंत, तर मात्र सर्टिफिकेट ऑफ फॉर्मेशनची (कंपनी स्थापन करताना राज्याकडे दाखल केलेल्या कागदाची) दुरुस्ती राज्याकडे भरावीच लागते. आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) नोंदलेली जबाबदार व्यक्ती बदलली असेल, तर 60 दिवसांत फॉर्म 8822-बी पाठवा.

आता सर्वांत कळकळीचं. पुण्यातल्या भावाला प्रेमाने पाच टक्के लिहून देण्याआधी सीएला फोन करा. तुमच्या एलएलसीने एस-कॉर्पचा (कर आकारणीच्या एका खास प्रकाराचा) पर्याय घेतला असेल आणि भाऊ अमेरिकेच्या करासाठी अनिवासी परदेशी असेल, तर तो मेंबर झाला त्याच दिवशी कंपनीचा एस-कॉर्प दर्जा जातो. एकट्याच्या साध्या एलएलसीत बायकोला घेतलंत, तर इथे ती भागीदारी संस्था धरतात. मग दरवर्षी 15 मार्चपर्यंत फॉर्म 1065 वेगळा भरायचा. नवा मेंबर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर सहीआधी इमिग्रेशन वकिलालाही विचारा; हिस्सा असणं वेगळं आणि तिथे काम करणं वेगळं.

सह्या झाल्या की एक प्रत बँकेला, एक सीएला द्या आणि मूळ करारालाच स्टेपल करून ठेवा.